मांसविक्रीच्या जागेतील प्रकाशयोजना आणि सार्वजनिक आरोग्य : एक ऐतिहासिक आढावा
(विशेष संदर्भ : मुंबई व परभणी जिल्हा)

प्रस्तावना

महाराष्ट्रातील बाजारपेठांच्या इतिहासात इमारती, जकात, वजने-मापे आणि भाव यांचा अभ्यास पुष्कळ झालेला आहे. बाजारातील माल कोणत्या उजेडात पाहिला जात होता, हा प्रश्न मात्र सहसा विचारला गेलेला नाही. धान्याच्या बाबतीत त्यामुळे फारसे बिघडत नाही. ज्वारी मुठीत घेऊन, दोन दाणे दाताखाली फोडून पारखता येते. मांसाची पारख अशी करता येत नाही. ग्राहक ते चाखून पाहू शकत नाही, बहुधा हातही लावत नाही. वास आला तर तोवर उशीर झालेला असतो. उरते ती नजर. आणि नजरेला जे दिसते ते दिव्यावर अवलंबून असते.

प्रस्तुत लेखात ताज्या मांसाच्या विक्रीतील उजेडाचा इतिहास मुंबईची मंडई आणि मराठवाड्यातील खेडे या दोन ठिकाणांच्या आधारे मांडला आहे. या इतिहासात उजेडाने दोन परस्परविरोधी कामे केलेली दिसतात. एक, मांस जसे आहे तसे दाखविणे. दुसरे, ते जसे नाही तसे खुलविणे. पहिले काम सार्वजनिक आरोग्याचे, तर दुसरे दुकानदारीचे. एकोणिसाव्या शतकात पहिल्या कामासाठी मोठ्या इमारती उभ्या राहिल्या. आज अगदी लहान दुकानालाही परवडेल असा दिवा उपलब्ध आहे, पण तो दोहोंपैकी कोणत्या कामाला लागतो याकडे कोणाचेच लक्ष नाही.

दिवसाउजेडीचा व्यवहार

राणीसावरगाव हे परभणी जिल्ह्याच्या गंगाखेड तालुक्यातील गाव रेणुकादेवीच्या देवस्थानामुळे सर्वपरिचित आहे. हा सर्व प्रदेश १९४८ पर्यंत निजामाच्या हैदराबाद संस्थानात होता, १९५६ मध्ये तो द्वैभाषिक मुंबई राज्यात आणि १९६० मध्ये महाराष्ट्रात आला. अशा मोठ्या खेड्यातील मांसविक्रीची रीत मराठवाड्यात सर्वत्र जवळपास सारखीच होती. बकरे पहाटे किंवा सकाळी लवकर कापले जाई. हलाल करण्याचा मान मुलाण्याचा. त्रिं. ना. आत्रे यांच्या १९१५ सालच्या ‘गावगाडा’ या ग्रंथात गावाच्या सेवेकऱ्यांत मुलाण्याचाही विचार आलेला आहे. सोलणे, फोडणे आणि विकणे हे खाटकाचे काम. चिंचेच्या लाकडाचा ओंडका, सत्तूर, सुरा, लोखंडी आकडा आणि तराजू एवढेच त्याचे भांडवल. अनेकदा चार-सहा घरे मिळून बकरे घेत आणि वाटे घालत. वाट्यात प्रत्येकाला मांडीचे, छातीचे, काळजाचे थोडे थोडे मिळे. मांस पळसाच्या पानात बांधून घरी जाई आणि दुपारच्या आत चुलीवर चढे.

या व्यवहाराला स्वच्छतेचे शास्त्र म्हणून कोणी नाव दिले नव्हते, तरी त्यात एक शास्त्र होते. जनावर चालत आलेले लोकांनी पाहिलेले असे. ते लंगडते का, नाक गळते का, रवंथ करते का हे शेतकरी माणसाला सांगावे लागत नाही. सोलणे उघड्यावर आणि उगवत्या उजेडात होई. काळीज, फुफ्फुस, आतडी सर्वांच्या डोळ्यांसमोर बाहेर येत. अनुकूल तापमानात काही जिवाणू दर वीस-तीस मिनिटांनी दुप्पट होतात; मराठवाड्याच्या चाळीस अंशांवर जाणाऱ्या उन्हाळ्यात मांस दुपारपर्यंत संपणे हीच खरी साठवणूक होती. उजेड सरला की विक्री सरली, आणि त्यामुळे शिळे मांस विकण्याची संधीच फारशी उरत नसे.

याचा अर्थ जुने सारे निर्मळ होते असा नव्हे. माश्या होत्या, धूळ होती, ओंडक्याच्या भेगांत कालचे रक्त होते. रोगट काळीज दिसले तर ते गिऱ्हाइकाला दिले जात नसे, पण फेकले जाई ते कुत्र्यांपुढे. मेंढ्या-बकऱ्यांच्या काळजात व फुफ्फुसात होणाऱ्या पाण्याच्या गाठी कुत्र्याने खाल्ल्या की त्यातील फीतकृमी कुत्र्याच्या आतड्यात वाढतो आणि त्याची अंडी विष्ठेवाटे पुन्हा चराऊ रानात, प्रसंगी माणसाच्या पोटातही पोहोचतात. रोग दिसणे आणि रोगाचा बंदोबस्त होणे या दोन गोष्टी वेगळ्या आहेत, एवढे यावरून लक्षात यावे. तथापि पहिली गोष्ट घडल्याशिवाय दुसरी घडत नाही.

मुंबईची मंडई आणि विजेचा पहिला दिवा

खेड्यात जे काम सूर्य करीत होता ते दाट वस्तीच्या शहरात कोणी करायचे, हा प्रश्न मुंबईत एकोणिसाव्या शतकाच्या मध्यास तीव्र झाला. १८६५ च्या कायद्याने मुंबईत म्युनिसिपल कमिशनरचे पद निर्माण झाले व ऑर्थर क्रॉफर्ड या पदावर आले. त्याच सुमारास डॉ. टी. जी. ह्यूलेट आरोग्य अधिकारी झाले. पटकीच्या साथी आणि उघडी गटारे यांनी ग्रासलेल्या शहरात मांसाचा बाजार हा आरोग्याच्या दृष्टीने सर्वांत नाजूक भाग होता. क्रॉफर्ड यांच्या कारकिर्दीत कत्तलखाना कोटाच्या परिसरातून वांद्र्यास हलविण्यात आला. १९७१ मध्ये देवनारचा कत्तलखाना सुरू होईपर्यंत मुंबईची मांसाची गरज मुख्यतः वांद्र्याहून भागत होती. विक्रीसाठी १८६९ मध्ये जी इमारत पूर्ण झाली तिला पुढे क्रॉफर्ड यांचेच नाव मिळाले. आज ती महात्मा जोतिबा फुले मंडई म्हणून ओळखली जाते.

विल्यम इमर्सन यांनी आराखडा केलेल्या या इमारतीबद्दल लिहिताना तिच्या मनोऱ्याचे आणि लॉकवुड किपलिंग यांनी घडविलेल्या शिल्पपट्टांचे वर्णन बहुतेक जण करतात. प्रस्तुत विषयाच्या दृष्टीने मात्र तिचे छप्पर अधिक महत्त्वाचे आहे. सुमारे १५ मीटर उंचीवरून वरचा उजेड खाली गाळ्यांवर पडावा अशी त्या छपराची रचना आहे. दुकानदाराच्या पाठीमागे अंधारी खोली आणि पुढे रस्त्याची धूळ, अशा जुन्या बाजाराऐवजी डोक्यावरून येणारा, सर्वांना सारखा मिळणारा उजेड येथे योजिला होता. लंडनमध्ये होरेस जोन्स यांनी बांधलेले स्मिथफील्डचे मांसबाजार भवन याच्या एक वर्ष आधी, १८६८ मध्ये सुरू झाले. तेथील छपरात काचेच्या झडपा अशा बसविल्या होत्या की हवा आणि उजेड आत यावा पण ऊन थेट मांसावर पडू नये. पॅरिसचा ला व्हिलेतचा कत्तलखाना १८६७ चा. म्हणजे दोन-तीन वर्षांच्या अंतराने तीन महानगरांत एकच विचार प्रत्यक्षात आला होता. विजेच्या दिव्यापूर्वी इमारत हेच प्रकाशाचे तंत्रज्ञान होते, असे म्हणावयास हरकत नाही.

तथापि छपरातला उजेड संध्याकाळी संपतो. मुंबईच्या काही रस्त्यांवर गॅसचे दिवे १८६५ मध्ये लागले होते. त्या काळच्या उघड्या ज्योतीच्या गॅसदिव्याचा प्रकाश पिवळसर. अशा प्रकाशात तांबडे आणि तपकिरी यांतला भेद पुसट होतो, आणि ताज्या व शिळ्या मांसातला दिसणारा फरक नेमका तोच असतो. या पार्श्वभूमीवर १८८२ सालची घटना लक्षणीय ठरते. त्या वर्षी मुंबईत विजेचा प्रकाश प्रथम दिसला तो राजवाड्यात किंवा कचेरीत नव्हे, तर क्रॉफर्ड मार्केटमध्ये. एडिसन यांचे न्यूयॉर्कमधील पर्ल स्ट्रीटचे वीजकेंद्रही त्याच वर्षीचे आहे. पुढच्या वर्षी नगरपालिकेने ईस्टर्न इलेक्ट्रिक लाइट अँड पॉवर कंपनीशी मंडई व काही रस्ते उजळण्याचा करार केला. कंपनी लवकरच बुडाली आणि मंडई पुन्हा गॅसच्या दिव्यांकडे वळली. मुंबईत विजेचा व्यवसाय स्थिरावला तो १९०५ मध्ये बॉम्बे इलेक्ट्रिक सप्लाय अँड ट्रामवेज कंपनी स्थापन झाल्यानंतर.

या अपयशाकडे इतिहासकार एका बुडीत कंपनीची नोंद म्हणून पाहतात. परंतु नवा, महाग आणि बेभरवशाचा दिवा लावण्यासाठी नगरपालिकेने मंडईची निवड करावी, यातून त्या काळच्या प्रशासनाचा अग्रक्रम दिसतो. अन्नाचा बाजार हा उजेडाचा पहिला हक्कदार होता. १८८८ च्या मुंबई महानगरपालिका अधिनियमाने बाजार, कत्तलखाने व मांसविक्रेते यांना परवान्याच्या चौकटीत आणले. दिवा आणि परवाना या दोहोंमागे एकच कल्पना होती : विकणाऱ्याने उजेडात विकावे.

तपासणीचा उजेड

विसाव्या शतकात या कल्पनेला मोजमाप मिळाले. उजेडाचे माप लक्स या एककात घेतात. भर दुपारच्या उन्हात सुमारे एक लाख लक्स, ढगाळ दिवशी उघड्यावर काही हजार लक्स आणि एकच दार असलेल्या दुकानाच्या मागच्या भिंतीशी कित्येकदा काही दहा लक्सच उजेड असतो. मांस तपासणीच्या ठिकाणी किमान ५४० लक्स असावेत असे प्रमाण कोडेक्स या आंतरराष्ट्रीय अन्नसंहितेच्या मांसविषयक मार्गदर्शनात दिसते. हा आकडा जुन्या ५० फूट-कॅन्डलचे रूपांतर आहे. भारतात प्राण्यांना क्रूरतेने वागविण्यास प्रतिबंध (कत्तलखाना) नियम, २००१ अन्वये कामाच्या जागेत २०० लक्स आणि तपासणीच्या जागी ५०० लक्स उजेडाची अपेक्षा आहे.

हे आकडे हवेतून आलेले नाहीत. तपासणाऱ्याला काय पाहावयाचे असते याचा विचार केला म्हणजे त्यांचा अर्थ कळतो. काळजाच्या पित्तवाहिन्यांत चपटे यकृतकृमी असतील तर त्या नळ्या जाड व पांढुरक्या दिसतात. फुफ्फुसात क्षयाच्या बारीक गाठी असू शकतात. काविळीत चरबी पिवळी पडते. बोकडाची चरबी पांढरी असते; पिवळ्या दिव्याखाली मात्र प्रत्येक बोकडाची चरबी पिवळीच दिसणार, म्हणजे त्या दिव्याखाली काविळीचे जनावर ओळखता येणे कठीण. म्हणून उजेड किती याइतकेच तो कोणत्या रंगाचा हेही महत्त्वाचे ठरते. अन्नस्वच्छतेच्या कोडेक्स तत्त्वांच्या पूर्वीच्या आवृत्तीत दिव्यामुळे दिसणारा रंग दिशाभूल करणारा नसावा अशी स्पष्ट अपेक्षा होती.

येथे एक कायदेशीर बारकावा खेड्याच्या दृष्टीने निर्णायक आहे. २००१ च्या नियमांत कत्तलखाना म्हणजे जेथे दिवसाला दहा किंवा अधिक जनावरे कापली जातात अशी परवानाधारक जागा. अन्नसुरक्षा व मानके कायदा, २००६ खालील २०११ च्या परवाना व नोंदणी विनियमांत दिवसाला दोन मोठी किंवा दहा लहान जनावरे अथवा पन्नास कोंबड्यांपर्यंत कापणारा व्यावसायिक सर्वांत लहान गटात धरला गेला. गंगाखेड तालुक्यातील खेड्यात दिवसाला एक-दोन, बाजाराच्या दिवशी फार तर चार बकरी कापणारा खाटीक या व्याख्येप्रमाणे कत्तलखाना चालवितच नाही. पाचशे लक्सचे माप त्याच्या ओंडक्यापर्यंत पोहोचत नाही. त्याच्याकडे पशुवैद्य येत नाही, म्हणून तपासणीची जागाही कायद्याच्या लेखी अस्तित्वात नाही. प्रत्यक्षात मात्र कत्तल, तपासणी आणि विक्री ही तिन्ही कामे त्याच्या एकाच पत्र्याच्या छपराखाली होतात.

जंतुनाशक किरण

उजेडाने मांस केवळ दिसत नाही, काही प्रमाणात ते निर्जंतुकही करता येते, हा शोध १८७७ चा. डाउन्स आणि ब्लंट या इंग्रज संशोधकांनी सूर्यप्रकाशात ठेवलेल्या द्रवात जिवाणूंची वाढ थांबते आणि हा परिणाम वर्णपटाच्या निळ्या-जांभळ्या टोकाकडे अधिक असतो, असे दाखविले. नील्स फिन्सेन यांना प्रकाशोपचारासाठी १९०३ चे नोबेल पारितोषिक मिळाले. पुढे पाऱ्याच्या वाफेच्या दिव्यातून सुमारे २५४ नॅनोमीटर लांबीचे अतिनील किरण मिळू लागले. हे किरण जिवाणूंच्या गुणसूत्रांतील रचना बिघडवितात, त्यामुळे त्यांची वाढ खुंटते. अमेरिकेत १९३० च्या दशकाच्या अखेरीस गोमांस काहीशा उबदार खोलीत मुरवून मऊ करण्याची पद्धत व्यापारात आली, तेव्हा त्या उबेत पृष्ठभागावर बुरशी व जंतू वाढू नयेत म्हणून असे दिवे वापरण्यात आले होते.

या दिव्यांविषयी आपल्याकडे २०२० च्या कोविड साथीनंतर कुतूहल फार वाढले आणि त्यांच्या लहान पेट्या बाजारात आल्या. म्हणून त्यांच्या मर्यादा स्पष्टपणे सांगणे आवश्यक आहे. अतिनील किरण पृष्ठभागावरच काम करतात. मांसाची घडी, हाडाची खाच, ओंडक्याची भेग येथे सावली पडते आणि सावलीत जंतू सुरक्षित राहतो. रक्ताचा वा चरबीचा थर असला तर तो किरण अडवितो. अधिक वेळ लावल्यास चरबीचे ऑक्सिडीकरण होऊन खवट वास येतो व मांसाचा रंग काळवंडतो. शिवाय वेल्डिंगच्या ठिणगीकडे पाहिल्यावर डोळ्यांची जी अवस्था होते तीच या दिव्याने होते, आणि खाटीक त्याच दुकानात दिवसभर उभा असतो. रात्री दुकान बंद झाल्यावर, आधी घासून धुतलेला ओट्याचा पृष्ठभाग व सुऱ्या यांच्यासाठी त्याचा उपयोग आहे. न धुतलेल्या ओट्यावर तो लावणे म्हणजे घाणीवर दिवा लावणे होय.

माश्यांसाठीचा निळसर दिवा याहून निराळा. त्याचे किरण सुमारे ३६५ नॅनोमीटरचे, म्हणजे जंतू मारणारे नव्हेत, माशीला आकर्षित करणारे. घरमाशीचा डोळा या किरणांना तीव्र प्रतिसाद देतो. दिव्याभोवतीच्या विजेच्या जाळीवर माशी जळते. परंतु जळताना तिचे तुकडे उडतात, आणि असा दिवा पुष्कळ दुकानांत हौसेने ओंडक्याच्या बरोबर वर टांगलेला असतो. तो मांसापासून दूर, रस्त्यावरून न दिसेल असा हवा, कारण दारातून दिसणारा दिवा बाहेरच्या माश्यांना आत बोलावतो. चिकट पट्टीचा दिवा या कामी अधिक बरा.

तांबडा दिवा

आतापर्यंतचा इतिहास दाखविणाऱ्या उजेडाचा होता. खुलविणाऱ्या उजेडाचा इतिहास समजण्यासाठी मांसाचा रंग कसा बदलतो हे पाहिले पाहिजे. स्नायूतील मायोग्लोबिन या प्रथिनामुळे मांसाला रंग येतो. ताजे कापलेले मांस आत जांभळट असते. हवा लागताच ते लालभडक होते. पुढे काही काळाने तेच द्रव्य ऑक्सिडीकरणाने तपकिरी बनते. तपकिरी झालेले प्रत्येक मांस खराब असतेच असे नाही, पण ग्राहक रंगावर जातो हे दुकानदारास ठाऊक असते.

जुन्या पिवळ्या बल्बच्या प्रकाशात तांबडा अंश मुबलक असल्यामुळे मांस त्याखाली आपोआप बरे दिसे. ट्यूबलाइट आली आणि मांस करडे, निर्जीव दिसू लागले. विक्रेत्यांच्या या तक्रारीतून युरोप-अमेरिकेत खास मांसाच्या काउंटरसाठी गुलाबी छटेच्या नळ्या निघाल्या. एलईडीच्या युगात हे काम अतिशय स्वस्त झाले. पांढऱ्या एलईडीच्या निर्मितीला आधार देणाऱ्या निळ्या एलईडीच्या शोधाबद्दल अकासाकी, अमानो व नाकामुरा यांना २०१४ मध्ये नोबेल मिळाले. त्याच दिव्यात तांबडा अंश वाढविला की दोन दिवसांचे मांस सकाळचे वाटते.

साध्या, निर्हेतुक पांढऱ्या एलईडीतही एक गोम आहे. दिव्याखाली रंग कितपत खरे दिसतात हे मोजण्याचा जो निर्देशांक प्रचलित आहे त्यात आठ फिकट रंगांची सरासरी घेतात. गडद तांबडा हा नववा रंग त्या सरासरीत धरलेला नाही. परिणामी शंभरपैकी ऐंशी गुण मिळविणारा स्वस्त दिवा गडद तांबड्या रंगात जवळजवळ शून्यावर असू शकतो. अशा दिव्याखाली ताजे मांसही मलूल दिसते, गिऱ्हाईक नाराज होते आणि खाटीक तांबडा दिवा आणतो. फसवणुकीचा आरंभ अशा प्रकारे कित्येकदा लबाडीतून नव्हे, तर निकृष्ट दिव्यातून होतो.

चीनने या प्रश्नाची दखल कायद्याने घेतली. १ डिसेंबर २०२३ पासून लागू झालेल्या तेथील नियमांनुसार शेतमाल व मांस यांचा खरा रंग स्पष्टपणे बदलणारे दिवे विक्रीच्या जागी वापरता येत नाहीत. तेथील मांसाच्या गाळ्यांवरचे तांबूस दिवे त्यानंतर पांढरे करावे लागले. आपल्याकडील परवान्याच्या अटींचा कल वेगळ्या गोष्टीकडे असतो. देशातील अनेक शहरांत मांस रस्त्यावरून दिसू नये म्हणून काळी काच किंवा पडदा लावण्याची अट घातली जाते. न खाणाऱ्यांच्या भावनांचा आणि धुळीचा विचार करता तिला अर्थ आहे. पण काळ्या काचेने दिवसाचा उजेड अडतो, आणि काचेआड कोणता दिवा असावा हे अट सांगत नाही. दुकानाला अंधार सक्तीचा आणि उजेड ऐच्छिक, अशी ही व्यवस्था झाली आहे.

वीज, खेडे आणि आखाड

परभणी जिल्ह्यातील खेड्यांत वीज मुख्यतः १९६० मध्ये महाराष्ट्र राज्य विद्युत मंडळ स्थापन झाल्यानंतर पसरली. त्याआधी रात्रीच्या व्यवहाराला कंदील, चिमणी आणि लग्नकार्यात गॅसबत्ती. बीड जिल्ह्यातील परळीचे औष्णिक वीजकेंद्र १९७१ मध्ये सुरू झाले. गंगाखेड हे परळी-परभणी लोहमार्गावरचे स्थानक, म्हणजे वीज तयार होण्याची जागा या तालुक्याच्या शेजारीच होती. तरीही विसाव्या शतकाच्या अखेरीपासून पुढची अनेक वर्षे ग्रामीण महाराष्ट्राने भारनियमनात काढली. २०१५ च्या दुष्काळात तर पाण्याअभावी परळीचे केंद्रच बंद ठेवावे लागले होते.

विजेने मांसविक्रीत आणलेला पहिला मोठा बदल म्हणजे वेळेचा. सकाळी संपणारी विक्री रात्रीपर्यंत लांबली. शेतातून, साखर कारखान्यावरून वा तालुक्याच्या कामावरून परतणाऱ्या माणसाला रात्री आठ वाजता मटण-कोंबडी मिळू लागली, ही त्याच्या दृष्टीने खरी सोय आहे. दुसरा बदल शीतपेटीचा. उरलेले मांस उद्यासाठी ठेवता येऊ लागले. पण दिवसाचे काही तास वीज नसलेल्या गावात शीतपेटी ही गार पेटी राहत नाही, आणि त्यात किती वेळ वीज गेली होती हे मांसाच्या तोंडावर लिहिलेले नसते. जुन्या व्यवहारातील सूर्याचा पहारा अशा रीतीने गेला आणि त्याच्या जागी छतावरचा एक बल्ब आला.

तो बल्ब नेमका कोठे आहे, यावर पुष्कळ काही अवलंबून असते. नऊ वॉटचा एलईडी दिवा साधारणतः आठशे-नऊशे ल्यूमेन प्रकाश देतो. पूर्वीच्या साठ वॉटच्या बल्बपेक्षा थोडा जास्तच. अंतर दुप्पट केले की पृष्ठभागावर पडणारा उजेड चौथाई होतो, हा भौतिकशास्त्राचा साधा नियम आहे. तोच दिवा पांढऱ्या पत्र्याच्या छत्रीत घालून ओंडक्यापासून दोन फुटांवर टांगला तर पाचशे लक्सच्या आसपास पोहोचता येते. आठ-नऊ फुटांवरच्या पत्र्याला चिकटवला तर त्याचा अल्पांशही मिळत नाही. मात्र जवळ टांगलेल्या दिव्याला न फुटणारे आवरण हवे. मटणात काचेचा कण जाणे हे अंधारापेक्षा कमी वाईट नाही. दिवा पांढरा, गडद तांबडा रंग खरा दाखविणारा असावा. त्याला थोडे जास्त पैसे पडतात, एका किलो मटणाच्या भावापेक्षा बरेच कमी.

मराठवाड्यात मांसाला सर्वांत अधिक मागणी आखाडात असते. श्रावण लागण्याआधीचे ते दिवस, आणि त्यानंतर नवरात्र, जेव्हा राणीसावरगावची वाट रेणुकादेवीच्या भाविकांनी भरते व मांसाची मागणी ओसरते. म्हणजे वर्षभरातील सर्वाधिक जनावरे ज्या काळात कापली जातात त्या काळात आभाळ भरलेले असते, सकाळी आठ वाजताही दुकानात संध्याकाळ वाटते, वादळवाऱ्याने वीज जाते आणि माश्या भरात असतात. गावाच्या आरोग्याचा धोका सर्वांत जास्त आणि उजेड सर्वांत कमी असा हा काळ आहे. बॅटरीवर किंवा सौर पॅनेलवर चालणारा एक दिवा दुकानात असण्याचे कारण विजेची बचत हे नसून हे दिवस आहेत.

या संदर्भात एक जुनी तरतूद उल्लेखनीय आहे. १९५८ च्या ग्रामपंचायत अधिनियमाला जोडलेल्या अनुसूचीत पंचायतीच्या कामांची जी लांबलचक यादी आहे तिच्यात गावातील दिवाबत्ती आहे, बाजार आहेत आणि कत्तलखान्यांची व्यवस्था व नियंत्रणही आहे. एकाच यादीत असूनही ही कामे एकमेकांशी जोडून पाहण्याची रीत पडली नाही. दिवाबत्ती म्हटले की खांबावरचा दिवा, आणि कत्तलखाना म्हटले की गावाबाहेरची, निधीअभावी न झालेली इमारत, असाच अर्थ घेतला गेला. परभणी येथे १९७२ पासून पशुवैद्यकीय महाविद्यालय आहे. आज ते नागपूरच्या महाराष्ट्र पशु व मत्स्य विज्ञान विद्यापीठाशी संलग्न आहे. रोगट काळीज कसे ओळखावे हे खाटकाला शिकविणारी माणसे जिल्ह्यातच आहेत. ग्रामपंचायतीने ना-हरकत दाखला देताना ओंडक्यावरचा दिवा कोणत्या रंगाचा आणि किती उंचीवर आहे एवढी एक ओळ त्यात लिहावी, यासाठी नव्या कायद्याची किंवा इमारतीची गरज पडत नाही.